आठ भांड्यांचं एक भांडं

१ मे २००७, मंगळवार. राबिघ, सौदी अरेबिया.

ऑफिसातल्या कुणा साहेबानं टाकून दिलेली ही डायरी ताजुद्दीननं मला आणून दिली. म्हणाला, "बाबाजी, रोज माझं डोकं खातोस ना, आता हिचं खा." ताजुद्दीन दाभोळचा, वेल्डर. सहा वर्षं त्याची खाट माझ्या खाटेशेजारी आहे, त्यामुळे मला काहीही बोलायचा आपल्याला हक्क आहे असं त्याला वाटतं.

आमचे कुडाळचे मास्तर म्हणायचे, दैनंदिनी शुद्ध भाषेत लिहावी आणि खरी लिहावी. शुद्ध जमेल. खरं लिहायचं तर पहिल्याच पानावर लाज सोडावी लागेल. तर सोडतो.

मला सारखी लघवीला होते. दिवसा नऊ वेळा, रात्री चार. आणि जाऊन तरी काय, थेंब थेंब, तेही जळजळत. दोन महिने झाले. माझं वय एक्कावन्न. आमचे बाबा चोपन्नाव्या वर्षी लघवी अडून गेले. पोट तट्ट फुगलं होतं आणि ते शेवटपर्यंत "काही नाही, काही नाही" म्हणत होते. मला भीती वाटते. हे ताजूला सांगितलेलं नाही, पारूला तर नाहीच. पारू माझी बायको, कुडाळला असते.

५ मे, शनिवार

माझं काम एकदा लिहून ठेवतो, म्हणजे उद्या पारूनं ही डायरी वाचली तर तिला कळेल. (तिनं वाचू नये.) इथे समुद्राकाठी तेलाचा मोठा प्लांट उभा राहतोय. मी अडीचशे टनी क्रेन चालवतो. हुकाला वजन लटकत असताना ऑपरेटरनं केबिन सोडायची नाही, हा पहिला नियम. एकेक लिफ्ट दोन दोन तास चालते आणि मुतारी अर्ध्या किलोमीटरवर.

दवाखान्यात जा म्हणणं सोपं आहे. श्रीपाद म्हणून साताऱ्याचा एक ऑपरेटर होता, मागच्या मेडिकलमध्ये त्याला काहीतरी निघालं. आता तो स्टोअरमध्ये नटबोल्ट देत बसतो आणि माझी क्रेन दिसली की मान फिरवतो. मला केबिन हवी. खाली उतरलो की मी चार हजार माणसांतला एक. वर बसलो की सगळे माझ्याकडे मान वर करून बघतात.

म्हणून मी शास्त्रशुद्ध उपाय काढला आहे. पाणी बंद. सकाळी अर्धा कप चहा, दुपारी घोटभर लबन म्हणजे इथलं ताक, बस्स. टाकीत भरलंच नाही तर गळणार कुठून? आजचा आकडा सात. जळजळ वाढली आहे, पण ती उष्णतेनं असणार.

दुसरा नियम असा की ऑपरेटरनं फक्त खालून खुणा करणाऱ्या आपल्या सिग्नलमनचे हात बघायचे. साहेब कितीही ओरडू दे. माझा सिग्नलमन मेंग, चिनी, साठीचा, सुक्या कोळंबीच्या सोड्यासारखा दिसतो. त्याला हिंदीतले तीन शब्द येतात: पानी, अच्छा आणि अरबी असूनही हिंदीत धरलेला खलास. मला चिनी शून्य. दोन वर्षांत आमच्यात एक वाक्य झालेलं नाही आणि एक भांडणही नाही. पारूशी असं जमलं असतं तर!

एकच खोड आहे म्हाताऱ्याची. दोन लिफ्टच्या मध्ये सारखा कंटेनरमागे पळतो. बिड्या ओढत असणार.

८ मे, मंगळवार

मेंगनं आज माझा अपमान केला. म्हणजे तसं वाटलं.

मी मुतारीला तिसरी फेरी मारून आलो तर हा क्रेनच्या पायऱ्यांशी उभा. मला बघून त्यानं जीभ बाहेर काढली. साठीचा माणूस! मी पण कुडाळचा, मीही काढली, चांगली लांब. तर हसायचं सोडून तो जवळ आला आणि चष्मा वर करून माझी जीभ वाचायला लागला. मग माझं मनगट धरलं, तीन बोटं नाडीवर ठेवली आणि डोळे मिटून उभा राहिला. फोरमन बघत होता. मला वाटलं, आता हा मला मागणी घालतोय की काय.

शेवटी त्यानं माझ्या बेंबीखाली बोट दाखवून मान हलवली. कळलं तर ह्याला. कळणारच म्हणा, मी दिवसातून किती वेळा उतरतो हे खालून बघणारा तो एकटाच.

"पानी," तो म्हणाला. मी नुसता हसलो. पाणीच तर बंद केलंय, शहाण्या.

९ मे, बुधवार

मेंगनं तपकिरी कागदाची पुडी दिली. वर लाल चिनी शिक्का. आधीच फोडलेली, अर्धीच भरलेली. आत सोनेरी केसांसारखं काहीतरी गुंडाळून ठेवलेलं, काळं बारीक बी, पांढरे चौकोनी तुकडे आणि एक मुळी. मुळी चघळून पाहिली, ज्येष्ठमध. बाकीचं हिमालयापलीकडचं असणार, दुर्मीळ.

खुणांनी त्यानं सांगितलं की मोठं भांडं घे, उकळ आणि दिवसभर पीत राहा. पुन्हा आपलं "पानी, पानी". ह्या लोकांचं शास्त्र हजारो वर्षांचं आहे. शिवाय ह्यात मेडिकलचा कागद भरावा लागत नाही.

११ मे, शुक्रवार

सुटी. काढा केला.

मोठं भांडं वगैरे ठीक, पण पुढचं त्या बिचाऱ्या मेंगला काय ठाऊक! काढा म्हणजे आठ भांड्यांचं एक भांडं आटवायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला येतं. आईनं असल्याच काढ्यांवर आम्हा पाच भावंडांना वाढवलं. ताजूच्या चहाच्या पातेल्यात दोन लिटर पाणी घातलं आणि दीड तास आटवलं. तळाला राहिलं पाव लिटर, काळंकुट्ट, चिकट. वास असा की समोरच्या खोलीतले मल्याळी लोक चप्पल न घालता बाहेर पळाले.

ताजूनं नाक धरून चमच्यानं ते सोनेरी केस वर काढले. "बाबाजी, हे मक्याचे केस आहेत."

"चिनी वनस्पती आहे ती."

"अरे, कणसाचे केस! सोलून आपण बकरीपुढे टाकतो ते!"

मी म्हटलं, तू तुझं वेल्डिंग कर. तो म्हणाला, "करतो. पण उद्या माझ्या चहाला ह्याचा वास आला तर दारात बकरीच्या जागी तुला बांधीन."

संध्याकाळी पारूचा फोन. मी अगदी सहज विचारलं, "आमच्या इथे एका मित्राला लघवीचा त्रास होतोय. तुला काही माहीत आहे का उपाय?"

तिनं विचारलं, "मित्राचा वय काय?"

"असेल माझ्याएवढं."

"बरां. तेका सांगा, कुळथाचा पाणी पी. आणि आधी डॉक्टराकडे जा म्हणान सांगा."

तिला काडीचाही संशय आला नाही. असल्या बाबतीत मी पहिल्यापासून हुशार आहे.

१५ मे, मंगळवार

आकडा पाच! काढा लागू पडला. सकाळ-संध्याकाळ दोन टोपणं घेतो. चव अशी की डोळ्यांत पाणी येतं, म्हणजे गुण असणारच. लघवी चहाच्या रंगाची होते. विष बाहेर पडतंय.

पारूचा आज मंगळवारीच फोन. एरवी शुक्रवारीच करते. मित्र कसा आहे, त्याला ताप येतो का, पाय सुजलेत का, विचारत बसली. बायकांना दुसऱ्याच्या दुखण्यात भारी रस.

१८ मे, शुक्रवार

परवा मेंगनं माझी काढ्याची बाटली पाहिली, उघडून हुंगली आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. आज सुटीच्या दिवशी चार किलोमीटर चालत आमच्या कॅम्पवर हजर. हातात मोठा थर्मास. ताजूनं त्याला बसायला खाट दिली, खजूर दिले आणि माझ्या तोंडावर म्हणाला, "चाचा, ह्याला सुधरवा."

मेंगनं स्वतः काढा केला. पाणी उकळलं, चिमूटभर सामान टाकलं, पाच-दहा मिनिटांत उतरवलं, गाळलं. फिक्कट पिवळं, दोन लिटर, काही आटवलं नाही, काही नाही. आणि मला समोर बसवून तीन वाडगे पाजले. चव म्हणजे कणसं उकडल्यावर उरलेलं पाणी. प्यायल्याबरोबर मला गाव आठवलं. पण औषध पिऊन गाव आठवायला लागलं तर ते औषध कसलं? औषध कडूच हवं.

दोन तासांत मला तीनदा जावं लागलं. बघा! हेच टाळायला मी पंधरा दिवस जीव काढतोय. मेंग स्वतः मात्र माझ्याहून जास्त वेळा गेला, चार की पाच. दर वेळी बराच वेळ आत. आमच्या कॅम्पचं बाथरूम त्याला आवडलेलं दिसतं.

तो गेल्यावर उरलेलं सगळं मी पुन्हा आटवून वाटीभर केलं. म्हातारा भला आहे, पण चिक्कू. पुडी महागाची असणार, म्हणून पाणी घालून घालून पुरवायची सवय.

२३ मे, बुधवार

आनंदाची बातमी. तीस तारखेला मोठा कॉलम, म्हणजे पोलादी मनोराच, उभा करायचा आहे, एकशे चाळीस टन, ह्या प्लांटमधली आतापर्यंतची सगळ्यात जड लिफ्ट. सेफ्टी ऑफिसर फहादनं यादी लावली. ऑपरेटर: बाबाजी परब. सिग्नलमन: मेंग. चार ऑपरेटरांतून मला घेतलं. ताजूनं जिलेबी आणली.

कंबरेत डावीकडे मधूनच कळ येते. बाहेर उभा राहून जिलेबी खाल्ली, बसवत नव्हतं.

मेंगला पुडीबद्दल पुन्हा विचारलं तर त्यानं खिसे उलटे करून दाखवले. खलास. सगळी मलाच दिलेली दिसते. त्याचा स्वतःचा कमरेचा थर्मास पूर्वी कसलासा वास मारायचा, हल्ली त्यात नुसतं पाणी असतं. वय झालं की माणसाच्या आवडी बदलतात.

२९ मे, मंगळवार

उद्या. थंडी वाजून येते आहे, बेचाळीस डिग्रीत. ताजू म्हणतो दवाखान्यात चल. उद्यानंतर.

३० मे, बुधवार

मेंगनं माझा घात केला.

सकाळी सहाला सगळे जमले. हेल्मेटवाले वीस साहेब, दोन कॅमेरे. कॉलम जमिनीवरून दीड फूट उचलला, तोवर सगळं देवाच्या दयेनं व्यवस्थित. मग कंबरेतून अशी कळ निघाली की डोळ्यांपुढे काजवे. घामानं हातमोजे भिजले. दात आवळून लिव्हर धरून ठेवला. बाबांचं ते "काही नाही, काही नाही" मीच म्हणत होतो, मोठ्यानं, एकट्यानं, केबिनमध्ये.

काचेतून मेंगला काय दिसलं कोण जाणे. त्यानं हळूहळू खाली घे असा हात केला. कॉलम परत टेकवला. मग त्यानं दोन्ही हात पोटापुढे एकमेकांत घट्ट धरले. म्हणजे सगळं बंद. आणि तसाच उभा राहिला.

थांब म्हणायचा हक्क साइटवर कुणालाही आहे. पण पुन्हा सुरू करायचं ते सिग्नलमनच्या हातानं. फोरमन ओरडला, मॅनेजर ओरडले, "यल्ला, यल्ला!", चला चला, झालं. म्हातारा हात सोडेना. शेवटी चिनी लोकांच्या दुभाष्याला त्यानं काहीतरी सांगितलं. दुभाषा म्हणाला, वारा जास्त आहे. वारा! क्रेनच्या टोकावरचं निशाण मेल्या पापलेटासारखं लटकत होतं.

मग मेंग पायऱ्या चढून वर आला, माझ्या केबिनमध्ये, जिथे सिग्नलमन कधीच येत नाही. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि माझा हात धरला. मी त्याला ज्या शिव्या दिल्या त्या मालवणी होत्या, शुद्ध भाषेत त्या येत नाहीत.

३१ मे, गुरुवार

काल अर्धवट लिहिलं, सलाईन लावायला माणूस आला. आता बरा आहे, म्हणून पुढचं.

मेंगनं मला गावातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर वहाब, कराचीचे, जाड मिशा. सोनोग्राफी करायची म्हणून मला एक लिटर पाणी प्यायला लावलं आणि म्हणाले, "रोक के रखिए." ज्या गोष्टीपासून महिनाभर पळत होतो तीच ह्या माणसानं करायला लावली, आणि वर फी घेऊन.

निघालं ते असं की मूत्राशयाकडे येणाऱ्या नळीत खडा अडकलाय, पाच मिलिमीटरचा, आणि आत जंतू झालेत, त्यानं ताप. मी विचारलं, आणि माझे बाबा गेले ते? त्यांनी पुन्हा नीट बघितलं. "आपके वालिद को जो हुआ था, वो ये नहीं है." मी रडलो. एक्कावन्नाव्या वर्षी परक्या देशात परक्या डॉक्टरपुढे, पोटाला तो गार चिकट पदार्थ फासलेला असताना रडलो. लिहायला लाज वाटते, पण खरं लिहायचं ठरलंय.

मग त्यांनी विचारलं, पाणी किती पिता? मी सांगितलं. ते चिडलेच. ह्या उन्हात पाणी तोडलं तर खडे होणार नाहीत तर काय! मी काढ्याचं सांगितलं. त्यांनी माझ्या खिशातली पुडी उघडून पाहिली, केस बोटांत धरले. "भुट्टे के बाल. हमारे यहाँ भी उबालकर पीते हैं." म्हणाले, ह्यानं अपाय नाही, पण ह्यात जे काही आहे ते भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं, आणि ताप आला की डॉक्टरकडे यायचं. मी किती आटवायचो ते हातानं दाखवल्यावर मात्र ते हसून हसून खुर्चीत मागे गेले. "कमाल है! आपने पानी उड़ा दिया और बाल पी गए!"

ताजू म्हणतो, हे वाक्य तो दाभोळला जाऊन सांगणार.

औषधं दिली, तीन लिटर पाणी, आठ दिवस सुटी, आणि रोज लघवी गाळून बघायची, खडा पडतो का ते.

मेंग बाहेर बाकावर बसला होता. बसला कसला, भिंतीवरच्या, पोटाच्या आतल्या अवयवांच्या चित्रापुढे नाक लावून उभा होता, आणि मधे मधे दवाखान्याच्या संडासात. डॉक्टर त्याच्याकडे बघून काहीतरी विचारणार तर हा "अच्छा, अच्छा" करत दारातून बाहेर. घाई कसली होती त्याला देव जाणे.

३ जून, रविवार

काल रात्रीपासून खरंच वारा सुटलाय. धूळ अशी की समोरची खोली दिसत नाही. सगळ्या क्रेन बंद. मेंगनं सांगितलेला वारा तीन दिवस उशिरा आला म्हणायचं.

दुपारी फहाद आला, सफरचंदं घेऊन. सेफ्टी ऑफिसर घरी सफरचंदं घेऊन आला की समजावं, नोकरी गेली. मी उठून बसलो. तो खाटेच्या टोकाला बसला आणि म्हणाला, "उस दिन हवा किधर था, बाबाजी?"

मी एक सफरचंद उचलून पुसायला लागलो.

"मेरे पेपर में हवा लिखा है. मेंग बोला, मैं लिखा." मग बोट वर करून म्हणाला, "एक बार. जो आके बोलता है, उसको मैं वापस बिठाता है. जो छुपाता है, उसको उतारता है. श्रीपाद छुपाया."

श्रीपादचं मला हे ठाऊक नव्हतं. मी त्याच्या दुखण्याला भीत होतो. घाबरायचं होतं ते त्याच्या गप्प बसण्याला. डॉक्टरांचं पत्र आणलं की केबिन माझी, असं फहाद बोलून गेला. मी लगेच दोन ग्लास पाणी प्यायलो, त्याच्या देखत.

मेंगला दिलेल्या शिव्या आठवून दिवसभर कसंतरी होतंय. त्याला कळल्या नाहीत हे एक नशीब.

६ जून, बुधवार

खडा पडला! तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा, वर काटेरी. एवढ्याशानं एवढं नाचवलं!

गाळायला चहाची गाळणी वापरली होती. ताजूला हे आज कळलं. त्यानं गाळणी चिमट्यात धरून कचऱ्यात टाकली, मग पातेलं टाकलं, मग माझ्याकडे असं बघितलं की आता माझी पाळी. रात्री मात्र शेजारच्या खोल्यांत खडा दाखवत तोच फिरला, माचिसच्या डबीत घालून.

मी पारूला फोन लावला. ती "हॅलो" म्हणायच्या आत ओरडलो, "पारू, खडा पडलो!" मित्राचा म्हणायचं विसरलो.

कुणाचा, म्हणून तिनं विचारलंच नाही. रडायला लागली. "देवा रवळनाथा," म्हणाली, "महिनो झालो, माझ्या घशाखाली घास उतरणा नाय."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हटलं, "अगं, मग बोलली का नाहीस?" तर म्हणते, "तुमी बोललात?"

९ जून, शनिवार

कॉलम उभा राहिला. दोन तास दहा मिनिटं. केबिनमध्ये माझ्याशेजारी पाण्याचा थर्मास, लिफ्टच्या आधी उतरून मोकळा होऊन आलो, सगळं नियमात. खाली मेंगचे दोन हात, वर माझे दोन, मध्ये एकशे चाळीस टन. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेंगनं एक हात कमरेला लावला होता, मला वाटलं ऐटीत उभा आहे.

१० जून, रविवार

मेंगला उरलेली पुडी परत केली. मूठ-दोन मूठ होतं. मला वाटलं नको म्हणेल. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली आणि लगेच शर्टाच्या आतल्या खिशात टाकली, कुणी काढून घेईल अशा घाईनं.

१२ जून, मंगळवार

मी गाढव आहे. शुद्ध भाषेत गाढवच म्हणतात.

सकाळी मेंग क्रेनशी आला आणि त्याच्या थर्मासमधून तो वास आला. कणसं उकडल्याचा. कित्येक महिने तो वास माझ्या नाकाखाली होता. मग एकेक आठवायला लागलं: कंटेनरमागे पळणं, बिडीचा वास कधीच न येणं, आमच्या कॅम्पच्या बाथरूममधला तो वेळ, दवाखान्यातलं चित्र. फोडलेली अर्धी पुडी. ती त्यानं माझ्यासाठी आणलीच नव्हती. स्वतःची काढून दिली होती, आणि महिनाभर नुसतं पाणी पिऊन माझ्यासमोर उभा होता.

मी वर चढलो. त्यानं उचल म्हणून बोट फिरवलं. मी लिव्हरवरून दोन्ही हात काढले आणि हॉर्न दाबला. त्यानं पुन्हा बोट फिरवलं. मी पुन्हा हॉर्न दाबला, लांब. फोरमन धावत आला. मी काचेला तोंड लावून मेंगला जीभ काढून दाखवली आणि त्याच्याकडे बोट केलं: आता तू.

त्यानं मान हलवली. नाही. मी दोन्ही हात पोटापुढे घट्ट धरले, त्याच्यासारखे. सगळं बंद. थांब म्हणायचा हक्क साइटवर कुणालाही आहे, ऑपरेटरलाही.

दहा मिनिटं आम्ही दोघे म्हातारे एकमेकांकडे बघत होतो आणि हजारभर माणसं आमच्याकडे. तोवर फहाद आला. त्यानं मला बघितलं, मेंगला बघितलं, आणि कागद काढून म्हणाला, "आज भी हवा?" मी वरून ओरडलो, "नहीं साब! आज बोल के जाता है!"

तेव्हा मेंगनं हेल्मेट काढलं. मग जीभ बाहेर काढली, अगदी थोडीशी, लाजत. मला जिभेतलं काय कळतंय! पण मी खाली उतरलो, त्याच्यासारखाच माझाही चष्मा वर करून बघितली आणि त्याचा हात धरला.

डॉक्टर वहाबांनी त्यालाही एक लिटर पाणी पाजलं. प्रोस्टेटची गाठ वाढली आहे, बरीच. औषध सुरू केलं आणि रक्त तपासायला जेद्दाहला पाठवलं, रिपोर्ट शनिवारी. दुभाष्यानं सांगितलं, मेंगला चार महिने त्रास आहे, पण आजारी म्हटलं तर घरी पाठवतील म्हणून बोलला नाही. मी त्याच्याशेजारी बाकावर बसून होतो. त्याचा हात गार पडला होता. "पानी?" मी विचारलं. "अच्छा," तो म्हणाला. शनिवारपर्यंत मला झोप लागणार नाही, पण आता निदान कारण लपवायला नको.

परत येऊन पारूला फोन केला. सगळं सांगितलं. म्हटलं, माझ्या मित्राला लघवीचा त्रास आहे, रवळनाथाला गाऱ्हाणं घाल.

तिनं हळूच विचारलं, "ह्यो मित्र तरी खरो आसा मा?"

म्हटलं, "ह्यो खरो."